व्याह्यांच्या लोडरचं दुखणं

तीर्थस्वरूप ताईस, धाकट्याचा वाकून नमस्कार.

आधी हिशेब. व्याह्यांच्या लोडरची दुरुस्ती मला एका बऱ्या शर्टाला, आठवडाभराच्या झोपेला आणि एका थापेला पडली. (पैसे घेतले नाहीत, लेकीच्या सासरी पावती कोण फाडतो?) तुझे गुडघे कुरकुरतात म्हणे. कुरकुरू देत. कुरकुरणारी वस्तू दुरुस्त होते, घोर लावते ती गप्प बसलेली. जन्मभर यंत्रांचे आवाज ऐकून पोट भरलेल्या मेकॅनिकचा अनुभव आहे.

तर खडी भरायचा हा लोडर मीच पसंत करून दिलेला. सकाळी बरा चालायचा, मग तेलाच्या दाबाने बकेट उचलणारा पंप रडायला लागायचा आणि भरलेली बकेट अर्ध्यावर लटकायची. खडीचा ठेकेदार म्हणाला, आता दुसऱ्याचा लोडर लावतो. व्याही मला काही बोलले नाहीत, फक्त लेकीला ऐकू जाईल असं म्हणाले, "मुलगी पारखून घेतली, लोडर तेवढा विश्वासावर घेतला."

मी धावलो. तेल पाहायला टाकीचं झाकण उघडलं, लावलं, लोडर सुरू केला, तर बकेट सुरळीत वर! मी निघालो की पंप पुन्हा रडणार, मी आलो की गप्प. व्याही म्हणाले, "तुम्हाला बघून बरा होतो, तर तुम्ही इथंच राहा." (जावयाने मान डोलावली नाही, हे माझ्या लक्षात आहे.)

शेवटी एक दिवस लोडरमागे कान लावून फिरलो. झिजलेला पंप गुरगुरतो. हा तहानलेल्यासारखा कण्हत होता. टाकीत तेल भरपूर, पण ओढता येत नव्हतं. तेल बाहेर गेलं की त्याच्या जागी हवा आत यावी लागते, त्यासाठी टाकीच्या मागे जाळीचं छोटं टोपण असतं. त्यावर प्लास्टिकची पिशवी, वर घट्ट गाठ! मी झाकण उघडायचो तेवढ्यात टाकी श्वास घ्यायची. धूळ जाऊ नये म्हणून ही पिशवी बांधली होती विहीणबाईंनी. (त्यांच्या सोफ्यावरचं कव्हर अजून कारखान्यातलंच आहे.)

आता लेकीच्या सासूला चारचौघांत "तुम्ही लोडरचा गळा दाबलात" असं कसं म्हणायचं? पिशवी गुपचूप खिशात घातली, तेलाचा दाब ठरवणारा स्क्रू नुसता चाचपला आणि व्याह्यांना म्हणालो, "सगळं याच्यात होतं. जरासा आवळला, झालं." ठेकेदार खूश, व्याही खूश. विहीणबाई म्हणाल्या, "घरचा माणूस तो घरचा माणूस!" ताई, यंत्र कुणीही दुरुस्त करील, नाती न बिघडवता दुरुस्त करायला माझ्यासारखाच लागतो.

भावोजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता.क. विहीणबाई तुझं ऐकतात. बोलता बोलता पिशवीचं त्यांच्या कानावर घाल. माझं नाव मध्ये नको.

दुसरा ता.क. पाकीट चिकटवणार तोच लेकीचा फोन आला. तुझ्या दिरांच्या भंगाराच्या दुकानात लोडरचा एखादा चालू पंप असेल तर तो दुसऱ्या कुणाला विकू देऊ नकोस. आज बकेट जरा हळू वाटली म्हणून व्याह्यांनी तो स्क्रू स्वतःच आवळला, चांगला ताकद लावून. दाब नको तेवढा चढला आणि पंप आता खरंच फुटलाय.