पाचव्या प्रकरणातलं संत्रं

नवी दिल्ली
५ जानेवारी २०२२

ती. ताईस, दिल्लीच्या धुक्यातून शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर आपण काय जेवलो एवढंच बोलायचं आणि बाकीचं कागदावर, हा आप्पांचा नियम तू अजून चालवतेस. त्यामुळे या सरकारी बोटांना वर्षातून चार वेळा माणसासारखं लिहावं लागतं. त्याबद्दल आभारच.

तू विचारतेस की संसदेच्या त्या समितीत मी नेमकं करतो काय. तर ऐक. त्या डोंगरी मुलखात शांतता करार झाला, माणसांनी बंदुका खाली ठेवल्या. बदल्यात त्यांना जे जे कबूल केलं ते मिळालं का, हे आमची समिती दरवर्षी विचारते. मंत्रालय उत्तर देतं आणि मी ती उत्तरं अहवालाच्या प्रकरणांत लावतो. पहिल्या प्रकरणात समितीचं म्हणणं. दुसऱ्यात सरकारने मान्य करून पार पाडलेल्या गोष्टी. तिसऱ्यात समितीने सोडून दिलेल्या. चौथ्यात उत्तर पटलं नाही अशा. पाचव्यात अंतिम उत्तर यायचं आहे अशा. दुसऱ्या प्रकरणात गेलेली गोष्ट मिटली, तिच्याकडे पुन्हा कुणी बघत नाही.

कलम नऊ म्हणजे दोनशे बारा कुटुंबांना संत्र्याच्या बागा. चार वर्षं ते पाचव्या प्रकरणात पडून होतं. यंदा उत्तर आलं की झाडं जोमात आहेत, फळं धरू लागली आहेत, एकही तक्रार नाही. फेब्रुवारीत मी ते दुसऱ्यात टाकतोय. एवढं समाधान मला बढतीनेही झालं नव्हतं.

समितीचे कागद अहवाल मांडेपर्यंत गोपनीय, ते पाठवता येत नाहीत. पण मंत्रालयाने गावभर वाटलेलं कॅलेंडर गोपनीय नाही. जानेवारीच्या पानावर तीच बाग आहे. स्वयंपाकघरात लाव आणि नागपूरकरांचा गर्व थोडा उतरव.

कळावे. लोभ आहे तसाच ठेव, वाढवलास तर मला तो पेलणार नाही.

तुझा
श्रीरंग

---

नागपूर
१७ जानेवारी २०२२

चि. श्रीरंगास अनेक उत्तम आशीर्वाद, आणि सोबत एक वाईट बातमी.

कॅलेंडर फ्रिजशेजारी लावलं. काल काटोलहून धोंडबा आले. मी तिथल्या शाळेत संस्कृत शिकवत होते तेव्हापासूनचे, स्वतःच्या रोपवाटिकेत संत्र्याची कलमं बांधणारे. दर हिवाळ्यात एसटीने एक पिशवी संत्री आणतात आणि चहाला नाही म्हणत म्हणत दोन कप घेतात. चहा घेता घेता त्यांचं लक्ष तुझ्या बागेकडे गेलं. चष्मा लावून बघितलं, मग काढून बघितलं, आणि विचारलं की काहून जी बाई, ही जंभेरीची बाग काहून लावली भिंतीवर? मी म्हटलं ही संत्री आहेत, माझ्या भावाने दिल्लीहून पाठवलीत. त्यावर ते इतके हसले की बशीतला चहा बशीतच राहिला.

तुझ्यासाठी खुलासा करते. संत्र्याचं झाड बीपासून करत नाहीत. जंभेरी म्हणजे एक काटेरी, आंबट लिंबाची जात. तिच्या रोपावर, म्हणजे खुंटावर, संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा न फुटलेला कोंब, बांधतात. मूळ जंभेरीचं, वरचं झाड संत्र्याचं. मात्र बांधणीच्या खालून जंभेरीचे फुटवे येतात. ते कोवळे असतानाच मोडावे लागतात, नाहीतर ते वरच्या डोळ्याला उपाशी मारतात. मग बाग दिसते हिरवीगार, पण ती लिंबाची. धोंडबांनी चित्रातल्या कोपऱ्यातलं पिवळं, खडबडीत, फोड आल्यासारखं फळ बोटाने दाखवलं. तू ते बहुधा पिकायचं राहिलेलं संत्रं समजलास.

जाताना त्यांनी विचारलं की तुमचे भाऊ नागपुरातलेच नं? मी म्हटलं, जन्माने.

गंमत बाजूला ठेवते. धोंडबा दारात थांबून म्हणाले की बाई, ज्यायची बाग हाय त्यायले सांगा, नाहीतर ते जनमभर पाणी देत राह्यतीन आन् संत्रं काही येनार नाही. दोनशे बारा कुटुंबं म्हणालास ना? दुसऱ्या प्रकरणात टाकण्याआधी एकदा बघ.

पोटभर जेव आणि धाकटेपणाने राग मानू नकोस.

ताई

---

नवी दिल्ली
२५ जानेवारी २०२२

ती. ताईस, मान खाली घालून शि. सा. न.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं आणि तिसऱ्यांदा भीती वाटली. मसुदा नऊ फेब्रुवारीला समितीपुढे येतोय. तो मंजूर झाला की कलम नऊ मिटलं. आणि मिटवणारा मी, सीताबर्डीच्या रस्त्यांवर संत्री खात वाढलेला.

अडचण अशी की टिपणात मी काय लिहू? काटोलच्या एका सद्गृहस्थांनी आमच्या बहिणीच्या स्वयंपाकघरात चहा पिताना केलेलं निरीक्षण? मंत्रालयाने उत्तर सहीशिक्क्यानिशी दिलंय. आमच्या अध्यक्षबाई कडक आहेत आणि ऐकीव गोष्टींना उभं करत नाहीत. मात्र त्यांची एक सवय चांगली आहे. प्रश्न साधा असेल तर तो स्वतः जाऊन तपासतात.

तेव्हा धोंडबांना विचार, की ज्याने जन्मात संत्र्याचं झाड पाहिलं नाही अशा माणसाला हे दोन मिनिटांत कसं कळेल? खासदारांना करता येईल असं सांग. त्यातले दोघे गुडघ्यांचे रुग्ण आहेत.

लोभ असावा, यंदा त्याची गरज जास्त आहे.

श्रीरंग

---

नागपूर
१ फेब्रुवारी २०२२

चि. श्रीरंगास आशीर्वाद.

उत्तरासाठी मी स्वतः काटोलला जाऊन आले. बसच्या खिडकीतून दोन्ही बाजूंनी खरी संत्री बघितली, तुझ्या नावाने.

धोंडबांचं उत्तर त्यांच्याच क्रमाने देते. एक, पान चुरगाळून हुंगायचं. जंभेरीच्या पानाला लिंबाचा वास येतो, संत्र्याच्या पानाचा वास वेगळा, तो एकदा घेतला की चुकत नाही. दोन, काटे बघायचे. तीन, जमिनीपासून वीतभर वर बांधणीची गाठ शोधायची आणि जोमाने वाढलेली फांदी गाठीच्या वरून निघालीय की खालून, ते पाहायचं. गुडघेवाल्यांनी फक्त हुंगावं असं त्यांनी सुचवलंय.

ताजा वास सोबत असावा म्हणून दोन पानं ओल्या कापडात गुंडाळून आजच कुरियरने पाठवली. एकावर सं, दुसऱ्यावर जं लिहिलंय. तुझं काही सांगता येत नाही.

ताई

---

नवी दिल्ली
१४ मार्च २०२२

ती. ताईस शि. सा. न.

तुझी दोन्ही पानं अध्यक्षबाईंपुढे ठेवून सगळं सांगितलं; त्यांनी ती हुंगली आणि कलम नऊ तेवढं मागे ठेवून दौरा ठरवला. परवाच आम्ही परतलो.

बागेत पोचल्यावर तिथला अधिकारी पाण्याच्या टाकीची माहिती देत होता. बाई वाकल्या, एक पान तोडलं, चुरगाळलं, हुंगलं आणि शेजारच्या खासदारांच्या हातात दिलं. ते पान अकरा जणांच्या नाकांवरून फिरलं. शेवटी ते अधिकाऱ्याकडे गेलं आणि टाकीची माहिती तिथेच थांबली.

मग बाईंनी तिथल्या कुटुंबांना बोलावलं. साक्षीदारांची नावं मी लिहू शकत नाही, म्हणून त्यातल्या एकीला आपण सुभद्रा म्हणू. पस्तिशीची, अकरा वर्षं बंदूक बाळगलेली. तिने आम्हाला त्या फळांचं लोणचं दिलं. ताई, लोणचं उत्तम होतं. बाईंनी विचारलं की संत्री येत नाहीत ही तक्रार का केली नाही? दुभाष्याने सांगितलेलं तिचं उत्तर मी शब्दशः टिपलंय. ती म्हणाली, तक्रार कुणाची करायची? मला वाटलं माझ्याच हाताला यश नाही. इतकी वर्षं या हातांनी जे केलं, त्यानंतर यांनी लावलेलं झाड गोड कसं होईल, असं धरून चालले होते.

फुटव्यांबद्दल विचारलं तर म्हणाली की ते काढायला कुणी सांगितलं नव्हतं. पत्रकात पाणी, खत आणि कुंपण एवढंच होतं. आणि सांगितलं असतं तरी हात धजला नसता. बंदूक ठेवताना तिने मनाशी ठरवलं होतं, की आता उगवणारं काही मोडायचं नाही. खालचे फुटवे वरच्यापेक्षा तरारून येत होते, म्हणून तिने त्यांनाच जास्त जपलं. दोनशे बारांपैकी एकशे नव्वद घरांत थोड्याफार फरकाने हेच झालंय. सुभद्राचा नवरा म्हणतो बाग उपटून टाकू आणि मी परत जंगलात जातो. शेजारी चिडवतात की बंदूक देऊन काटे घेतले.

मंत्रालयाचं उत्तर खोटं नव्हतं. झाडं जोमात होती, फळं धरली होती, तक्रार एकही नव्हती.

कलम नऊ चौथ्या प्रकरणात टाकलं. उत्तर मान्य नाही. तीस वर्षांच्या नोकरीत हे तीन शब्द लिहून मी प्रथमच मोठ्याने वाचून पाहिले. पण पुढे काय? चार वर्षं पाणी घातलेली झाडं उपटायला तिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

श्रीरंग

---

नागपूर
२४ मार्च २०२२

चि. श्रीरंगास आशीर्वाद.

तुझं पत्र धोंडबांना वाचून दाखवलं. सुभद्राच्या हातांचं आलं तेव्हा त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग माझ्यावरच रागावले. उपटायची गोष्ट कोनं काढली, म्हणाले. चार वर्साचं जंभेरीचं मूळ हाय, अस्सं मूळ आमाले इकडे मिळून नाही राह्यलं. त्या बाईनं झाड मारलं नाही, मूळ पोसलं. वरून छाटायचं, नवे फुटवे आले की त्यातले चांगले दोन ठेवून त्यांवर डोळे बांधायचे. नव्या रोपापेक्षा लवकर फळ देईल. तिले सांगा का तुह्या हाताले काही झालं नाही, म्हणाले. हे वाक्य इतिवृत्तात बसत नसलं तरी तिच्यापर्यंत पोचव.

मी विचारलं, डोळे इथून पाठवाल का? तर नाही म्हणाले. आपल्याकडचा डोळा तिथली थंडी कसा सोसेल? त्याच डोंगरात कुणाच्या अंगणात जुनं गोड झाड असेल, त्याचे डोळे घ्यायचे. बांधायला मात्र शिकवणारा हात पाहिजे. त्यांची सून मोनाली काटोलात सर्वांत सफाईने डोळे बांधते. दिवसाला पाचशे, आणि मरतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ती माझी विद्यार्थिनी. नववीला तिला संस्कृतात पस्तीस गुण होते, तेही मी दयेपोटी दिलेले. तिला विचारलं जाशील का, तर म्हणाली की विमानात बसवतात का ते आधी विचारा.

तेव्हा तुझ्या मंत्रालयाला विचार.

ताई

---

नवी दिल्ली
९ जानेवारी २०२३

ती. ताईस शि. सा. न.

मोनाली आणि तिच्या सोबतचे तिघे कालच्या विमानाने नागपूरला निघाले, आतापर्यंत पोचलेही असतील. छाटणी मंत्रालयाने उन्हाळ्यातच करवून घेतली होती आणि यांचा विमानखर्चही उचलला; सहा आठवडे राहिले. मी शेवटच्या दोन दिवसांसाठी गेलो होतो. जुनं गोड झाड वरच्या गावातल्या प्रार्थनाघराच्या आवारात सापडलं. करारापूर्वी ही दोन गावं एकमेकांवर गोळ्या झाडत होती, त्यामुळे डोळे मागायला कुणी जाईना. शेवटी मोनाली एकटी गेली. तिला तिथली भाषा येत नाही आणि तिथे तिची नागपुरी हिंदी कुणाला कळत नाही. कोयता आणि पिशवी दाखवून तिने काय सांगितलं कोण जाणे, गावाने झाड दिलं आणि वर जेवायलाही घातलं.

डोळा बांधायचा पहिला काप मोनालीने सुभद्राला स्वतः घ्यायला लावला. सुभद्राचा हात मागे येत होता. मोनालीने तो धरला आणि मराठीतच म्हणाली की कर वं, काही होत नाही. ते मात्र तिला कळलं. धोंडबांचं वाक्य मी दुभाष्याकरवी सांगितलं. तिने ते पुन्हा सांगायला लावलं.

यंदा कलम नऊ पुन्हा पाचव्या प्रकरणात. अंतिम उत्तर यायचं आहे. या वेळी ते तिथं पाहून वाईट वाटलं नाही.

धोंडबांना नमस्कार. माझ्याकडून त्यांना काय द्यावं सुचत नाही, तूच चहा दे.

श्रीरंग

---

नागपूर
२१ डिसेंबर २०२५

चि. श्रीरंगास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली पेटी शुक्रवारी आली. आत वाळलेल्या गवतात सुभद्राच्या बागेची सात संत्री आणि लोणच्याची एक बाटली. नागपुरात बाहेरून संत्री येणं म्हणजे काय, हे शेजाऱ्यांना समजावताना माझी तारांबळ झाली.

एकालाही हात लावला नाही. आज धोंडबा आणि मोनाली काटोलहून आले. धोंडबांनी आधी फळ हातात तोललं, मग नखाने साल टोचून हुंगलं, मग सोललं, आणि एक फोड तोंडात टाकून डोळे मिटले. मी आणि मोनाली दहावीच्या निकालाला उभ्या असल्यासारख्या. बऱ्याच वेळाने म्हणाले, साल जाड हाय, बिया हायत, आपल्यावानी नाही. मग म्हणाले, पन संत्रं होय. गोड होय. आणि दुसरी फोड घेतली. तिसरी, चौथीही. ते संत्रं त्यांनी एकट्याने संपवलं, वाटूनही दिलं नाही. आणि बिया रुमालात बांधून घेतल्या.

लोणच्याचं कोडं तुझ्या चिठ्ठीने सुटलं. सगळ्या झाडांवर डोळे बांधले, पण एक झाड सुभद्राने तसंच राखलं. तेही तिनेच वाढवलेलं आहे, आणि समितीला लोणचं आवडलं होतं, हे तिचं कारण मला पूर्ण पटतं. तिचा नवरा जंगलात गेला नाही, वरच्या गावात फुटवे मोडायला शिकवतो, हे वाचून धोंडबा म्हणाले की मंग तं तो मास्तर झाला, बाईसारखा. मोनालीला आज मी संस्कृताचे राहिलेले पासष्ट देऊन टाकले. ती म्हणाली, आता काय उपयोग जी?

ते कॅलेंडर चार वर्षं जानेवारीवरच होतं. आज धोंडबांनी स्वतः उतरवलं, गुंडाळलं आणि काटोलला घेऊन गेले. रोपवाटिकेत लावणार आहेत, शिकायला येणाऱ्यांना जंभेरी कशी असते ते दाखवायला.

तुझ्या निवृत्तीला दोन महिने उरलेत. जाण्याआधी कलम नऊ दुसऱ्या प्रकरणात टाक. आता ते मिटलं म्हणायला हरकत नाही. लिहून झालं की तेही मोठ्याने वाचून बघ.

ताईच्या लोभाचं कलम मात्र पाचव्यातच असू दे. अंतिम उत्तर यायचं आहे, आणि दरवर्षी विचारत राहावं.

तुझी
अरुंधतीताई