हिरव्या पानाची हद्द

२ डिसेंबर

"तुमची बाग कुठे संपते?" सेंद्रिय शेतीच्या तपासनिसाने विचारलं.
"दादाची सुरू होते तिथे."
"आणि त्यांची?"
"माझी संपते तिथे."

खरं तेच सांगितलं! वडील गेल्यापासून आम्हा भावांच्या मधल्या ओळींतली कॉफी, ज्याचा हात मोकळा असेल तो तोडतो. पण असल्या उत्तराला साहेबांच्या तक्त्यात रकाना नव्हता. दादा कीटकनाशक फवारतो, मी नाही — म्हणजे मधे जाळी हवी, आणि जाळीलगतच्या ओळी सोडून द्यायच्या. जाताना साहेबांनी मधल्या ओळींची पानं पिशवीत भरली. तपासणीला. निकाल सावकाश येईल म्हणे. जाळी मात्र लगेच!

५ डिसेंबर

सोसायटीची बैठक. चेअरमन माझ्याकडे बोट करून म्हणाले, "याच्या एका बागेपायी सगळ्यांचं हिरवं पान जाईल." पोत्यावर सेंद्रिय मालाचा हिरव्या पानाचा शिक्का नसेल, तर कंपनी गावाच्या कॉफीकडे ढुंकून बघणार नाही. भिंतीवर कंपनीचं नवंकोरं पोस्टर: 'नात्यांतून उगवलेली कॉफी'. त्याच्याच खाली बसून आम्ही दोन भावांत कुंपण घालायचा ठराव केला. एकमताने. त्या एकमतात मीही होतो.

६ डिसेंबर

दादाकडे सांगायला गेलो. वहिनीला आधीच कळलेलं. "भावजी, कॉफी ठेवू ना? आमची औषधाची आहे हो. साहेबांना विचारून या हवं तर!"
दोन कप प्यायलो. दादा उठला. आत गेला आणि दोरीचं भेंडोळं आणून माझ्यापुढे ठेवलं.

९ डिसेंबर

देवापुढे बसलो. काय मागावं ते सुचेना. शिक्का मागायची लाज वाटली.

१० डिसेंबर

हद्द आखली. दोरीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं दादाच्या.
"दादा, कुठून धरू?"
"तुझ्या साहेबाला विचार."
मग दोरीकडे बघतच — "अजून इकडे घे. सोडायच्या ओळी माझ्यातल्या जाऊ देत."
संध्याकाळपर्यंत जाळी ठोकून झाली. बायको म्हणाली, "अगदी कोंबड्यांचं खुराडं दिसतंय." कोंबड्या कोण, ते तिने सांगितलं नाही.

१९ डिसेंबर

कंपनीचा फोटोवाला आला. पाकिटावर हसरा शेतकरी पाहिजे. माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, तुम्ही फार काळजीत दिसता." तेवढ्यात जाळीपलीकडे तोडणी करणारा दादा त्याला दिसला. त्या पांढऱ्या मिशा! "हेच! हेच पाहिजेत!"
"माझं तोंड चालतं?" दादाने विचारलं. "नीट तपासून घ्या, फवारलेलं असायचं."
फोटोत जाळी येऊ नये म्हणून तिच्यावर गोणपाट टाकलं. कंपनी शहाणी. दादा पाकिटाच्या आत चालत नाही, बाहेर चालतो.

४ जानेवारी

पानांचा निकाल आला. मधल्या ओळींत औषधाचा अंश नाही. कुठल्याच पानावर नाही!
कागद घेऊन धावत गेलो. दादा पलीकडे फळं तोडत होता.
"तिथे मी कधी मारलंच नाही," तो म्हणाला. "तुझी पोरगी खेळायची ना त्या ओळींत."
पोरगी केव्हाच सासरी गेली.
"मग बोलला का नाहीस?"
"विचारलंस कधी?"
त्याचा हात धरायला हात पुढे केला. जाळीतून बोटंच तेवढी गेली.