सेकंडच्या सहा मुली

१२ ऑक्टो. २०११, बुध.
प्रिन्सिपल मॅडमनी बोलावलं. वार्षिक समारंभात सीनियरच्या मुली दोन आवाजांत गाणार, ‘हार्मनी में’. १९ नोव्हें. जमलं नाही तर सीनियरला नवीन टीचर, मी प्रायमरीत प्रार्थनेला. “चौदह साल से आप एक ही तरह गवा रही हैं.” हसून म्हणाल्या, तेच जास्त लागलं. हो म्हणून आले. हार्मनीतलं मला ओ की ठो कळत नाही.

१५ ऑक्टो.
निशातगंजच्या बाजारातून हार्मनीचं पुस्तक आणलं. तीन सूर एकदम. सा-ग-प ठीक, गोड. पुढे प-नी-रे. पेटीवर दाबलं की अंगावर काटा. सकाळपासून तेच. लोकांना हे गोड लागतं? की माझाच कान मेला?

१८ ऑक्टो.
रेवा कोचिंगहून आली, दारातूनच, “आई, पहले तानपूरा तो बंद करो.”
मशीनचा तानपुरा. चालू आहे हे माझ्या लक्षातही नाही, पंख्यासारखं. तो सा धरून बसलेला आणि मी वर नी-रे दाबतेय. भांडणारच. बंद करून तिनं गिटारवर वाजवलं. “नीचे का सुर बदला ना, तो थोड़ी देर के लिए प ही घर है. फिर सा पे वापस.”
गोड लागलं. आणि भीती वाटली. मिरजेच्या बाई मला शिकवताना सांगायच्या, सा सुटला की गाणं सुटलं. चाळीस वर्षं धरून बसलेय, आता लेक म्हणते सोड.

२ नोव्हें.
बारा मुली फर्स्ट, मूळ चाल. सहा सेकंड, खालचे सूर. एकेकटी बरोबर. एकत्र गायल्या की दोन ओळींत सहाही जणी मूळ चालीवर. ओरडले. सेकंडची नाझिया रडली. नंतर मीही, स्टाफच्या बाथरूममध्ये.

८ नोव्हें.
नाझियाच घाबरत म्हणाली, “मैम, आप सामने मेन वाला गाती हैं ना, तो हम आपके पीछे आ जाते हैं.”
मी गाते? तोंडावर रुमाल धरला, तरी गुणगुणणं चालूच. जन्मभर एकच शिकले, सगळ्यांनी एका सुरात. वेगळा लागला की ओढून आण. मीच ओढत होते पोरींना.

१४ नोव्हें.
आजही जमलं नाही. सुधीर म्हणतो, “प्रार्थना घे की, काय बिघडलं?” नवऱ्याला कसं सांगू. गाणं काढून घेतलं तर माझ्यात उरतं काय. राजीनामा लिहिला, फाडला. परत लिहिला. पर्समध्ये आहे.

१७ नोव्हें.
मुलींना म्हटलं, तुम्ही गा, मी बाहेर थांबते. दार ओढून घेतलं. दुसऱ्या ओळीला सेकंड घसरली, आपली आपण सावरली. मग दोन्ही आवाज, वेगळे, आणि तरी... व्हरांड्यात खाली बसले. शेवटपर्यंत तिथूनच ऐकलं.

१९ नोव्हें., शनि.
मी विंगेत, स्टेजकडे पाठ करून, तोंड गच्च मिटून. एकही मुलगी आपल्या सुरावरून हलली नाही. टाळ्या थांबेनात.
मॅडम येऊन म्हणाल्या, “देखिए, आपके बिना कितना अच्छा गाया बच्चियों ने.” मग, “सोमवार को मिलिए, साढ़े नौ बजे.” चेहऱ्यावरून काही कळलं नाही.
नाझिया धावत आली, “मैम, आपने सुना?”
ऐकलं ग. माझ्याशिवाय, मी ओढलं नाही म्हणूनच नीट. हे सोमवारी मॅडमना कोणत्या तोंडानं सांगू?