अडीच इंच फुगणाऱ्या छातीबद्दल तक्रार

आत्या,

परवा मंगळवारी सकाळी साडेदहाला तुझ्या धाकट्या भावाने भरल्या दवाखान्यात डॉक्टरांच्या छातीला टेप लावली आणि त्याच क्षणी माझ्या आयुष्याचं वाटोळं झालं. नमस्कार राहिलाच, तो इथे वाकून केला असं समज. तुझी शुगर, तुझा गुडघा आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंशी चाललेलं तुझं भांडण, तिन्ही आटोक्यात असतील. इथे आटोक्यात काहीच नाही.

गेल्या हिवाळ्यात बाबा न्यूमोनियाने बारा दिवस नाकात ऑक्सिजनची नळी घालून पडले होते हे तुला मी काय सांगू, उशाशी तूच होतीस. (शुद्धीवर येताच त्यांनी वॉर्डाच्या पडद्यांची शिवण उसवलीय म्हणून तक्रार केली, तीही तूच ऐकलीस.) घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं की न्यूमोकोकस नावाचा हा जंतू पुन्हा येऊ शकतो, बरे झालात की लस घ्या. सहा महिने झाले. बाबांचं उत्तर ठरलेलं: एकदा झाला, संपला, आता परत कशाला येतो? जणू तो जंतू नसून कोट घेऊन गेलेलं गिऱ्हाईक आहे! अगं, त्याचे शंभर तरी प्रकार आहेत. एकाशी ओळख झाली म्हणून बाकीचे दारातून परत जात नाहीत. आणि तो पंख्याच्या वाऱ्याने किंवा ओल्या डोक्याने होत नाही. धडधाकट माणसांच्या, त्यातून लहान पोरांच्या, नाकाघशात तो मुक्कामाला असतो, त्यांना पत्ताही नसतो, आणि शिंकेतून, खोकल्यातून पुढच्या घरी जातो. तिथे एखादा म्हातारा, तान्हं मूल किंवा शुगरवालं कुणी भेटलं की छातीत उतरतो, कधी रक्तात, कधी थेट मेंदूच्या आवरणात. हे सगळं समजावलं तर बाबा म्हणाले, "दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलंस ते बरं केलंस, नाहीतर आणखी बोलला असतास." तूच सांग, हे बापाचं बोलणं झालं?

म्हणून मी डोकं लढवलं. दवाखान्याचे पांढरे कोट आपल्याच दुकानात शिवतात. ते पोचवायच्या निमित्ताने बाबांना घेऊन गेलो. लस टोचणाऱ्या नर्सने (मी तिला सिस्टर म्हणत नाही, जीभच वळत नाही) त्यांना शांतपणे सांगितलं की लस घेतली म्हणजे खोकला कधीच येणार नाही असं नाही, पण पुन्हा ऑक्सिजनवर जायची वेळ टळण्याची शक्यता पुष्कळ वाढते. बाबांनी गळ्यातली टेप काढली, स्वतःच्या छातीभोवती गुंडाळली, श्वास सोडला, घेतला आणि जाहीर केलं: अडीच इंच फुगते! तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले, तर त्यांचीही मोजली. सव्वा इंच. "आधी यांना टोचा," बाबा म्हणाले आणि चालू लागले. बाकावरचे पेशंट खो-खो हसले; दोन म्हातारे तर लस न घेताच बाबांच्या मागे निघाले. ती हसली नाही. मला एवढंच म्हणाली, "स्वतःच्या वडिलांना खुर्चीत बसवता येत नाही, आणि मला सिनेमाला न्यायला निघालात?" आत्या, ते विचारायला मी दोन महिने धीर गोळा केला होता!

आज सकाळी बाबा टेबलावर वाकून कापड बेतत होते. मी मागून टेप टाकली आणि श्वास घ्यायला लावला. पाऊण इंच. म्हणजे दवाखान्यात त्यांनी टेप सैल सोडली होती! चाळीस वर्षांत ज्या माणसाने गिऱ्हाइकाच्या मापात सूतभर फेरफार केला नाही, तो स्वतःच्या छातीचं माप खोटं सांगतो! मी असा ओरडलो की समोरच्या न्हाव्याने गिऱ्हाइकाचा गाल कापला. बाबा धाप ओसरेपर्यंत कापडाशिवायच मशीन चालवत बसले.

तुझा संतापलेला भाचा

ता.क. खरं काम असं, की तू शनिवारी ये. तू एकाहत्तरची, त्यात शुगर. लस तुलाही हवीच. तू आधी टोचून घेतलीस की बाबा मागे राहणार नाहीत. लहानपणी तू झाडावर चढलीस म्हणून ते छपरावर चढले होते, हे तूच सांगतेस.

ता.क. २. इस्त्रीच्या खोलीत सिगारेट ओढणारा मीच. त्या धुराने बाबांचीही छाती बिघडते हे त्या नर्सनेच सुनावलं. मंगळवारपासून बंद आहे (दोन दिवस झाले, हसू नकोस). शिवाय तिच्या कोटाची बाही मी तीनदा मुद्दाम चुकवली, म्हणजे तिला तीनदा दुकानात यावं लागेल. यातलं काही बाबांना सांगू नकोस.

ता.क. ३. सांगायची गरजच उरली नाही. मी गोंद शोधत होतो, तेवढ्यात बाबांनी पत्र उभ्याउभ्या अथपासून इतिपर्यंत वाचलं. मला वाटलं, आता कात्री फेकतात. त्यांनी फक्त कापडावरचा खडू उचलला आणि पत्रात एक दुरुस्ती केली. वर बघ, पाऊण इंचावर काट मारलीय. अर्धा आहे म्हणाले, रोज सकाळी मोजतो. आता चपला घालून बाहेर उभे आहेत आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारताहेत, तिचा कोट घेतलास का? घेतलाय. बाही या वेळी बरोबर आहे, त्यांनी स्वतः उसवून लावली. तू शनिवारी तरीही ये. दार ओढून घेतो.