भिंतीचे चार मिलिमीटर

प्रिय ठकू,

फोनवर तू "काका, जाऊ दे ना" म्हणतेस आणि मी खरंच जाऊ देतो. म्हणून कागद घेऊन बसलोय. वेल्डिंग बरं जमतं, अक्षर नाही, सांभाळून घे.

तुझ्या साहेबांनी तुझ्याकडे लेखी खुलासा मागितलाय, हे इथल्या मालकांकडून कळलं. तू काही बोलली नाहीस. टाकी पाण्याने भरली की नोझलजवळची भिंत चार मिलिमीटर बाहेर येईल, असं तुझ्या कागदावर होतं. आम्ही भरली, तर आली नऊ. "पोरीचं गणित साफ चुकलं," मालक म्हणाले. आणि मी, तुझा सख्खा काका, बुटांच्या टोकाकडे बघत उभा राहिलो.

आयुष्यभर गोल टाक्या केल्या गं. गोल पत्रा गुणी. कुठूनही रेटा, सगळं अंग मिळून सोसतो. चौकोनी ही पहिलीच. सपाट भिंत म्हणजे बिस्किटांच्या डब्याचं झाकण, बोटाने दाबलं की टकटक करणारं. तिच्यातून पाइपासाठी तोंड काढायचं, ते नोझल, आणि त्याला खोलीएवढा लांब पाइप अडकवायचा. पाइपाचं ओझं भिंतीला सोसवायचं तर नोझलभोवती जाड पत्रा लावा, दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या मारा, असं तू लिहिलंस. तोंड वाकडं करत का होईना, मी सगळं केलं. फिटरला म्हणालोसुद्धा, "बाईसाहेबांनी टाकीला बनियनवर स्वेटर चढवलाय." तो दात काढून हसला.

आता पुढचं लिहायला मला तीन दिवस लागले. पाइप जोडायला घेतला तेव्हा तो दोन बोटं तोकडा पडला. फिटर म्हणाला, "उस्ताद, मध्ये तुकडा जोडू या का?" मी म्हटलं, "तुकडा तुझ्या शर्टाला जोड." चेनपुली लावली, स्वतः साखळी ओढली आणि भोकाला भोक जुळल्यावर बोल्ट आवळून टाकले. आमच्यात सगळेच करतात. गोल टाक्यांनी माझी ही दांडगाई इतकी वर्षं मुकाट पोटात घातली असेल. सपाट भिंतीने नाही घातली. आणि नऊ मिलिमीटर निघाले, तेव्हा कशाने निघाले हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी गप्प राहिलो.

काल सकाळी मालकांना सगळं सांगितलं. व्हॉल्व्ह बंद करून पाइप रिकामा केला, बोल्ट सैल केले. शेवटचा सुटला तसा पाइप टणकन मागे उडाला, फिटर दोन पावलं सरकला. एवढी ओढ मी त्या बिचारीच्या मानगुटीवर बसवली होती! मग मापाचा तुकडा जोडला. या वेळी बोल्ट बोटांनी आत गेले. व्हॉल्व्ह उघडला, भिंतीच्या दोन्ही कडांना सारखे ठोकळे ठेवून दोरी ताणली आणि नोझलपाशी पट्टी धरली. चार. चष्मा पुसून पुन्हा धरली. मग फिटरला बघायला लावलं. "चारच, उस्ताद," तो म्हणाला, आणि कधी नव्हे ते हसला नाही.

ठकू, अंगावर काटा आला माझ्या. तू ही टाकी डोळ्यांनी पाहिलेली नाहीस. दोन दिवसांच्या वाटेवर एका खोलीत बसून, पत्र्याला बोट न लावता, तो किती वाकेल हे तुला कळलं. मी चाळीस वर्षं त्याला ठोकलं, तापवलं, कान लावून ऐकलं. मला तो कधी एवढं बोलला नाही. आणि वरचे पाच मिलिमीटर, ज्यांची तुला खबरसुद्धा नव्हती, ते तुझ्या कागदाने नेमके वेगळे काढून माझ्या पुढ्यात ठेवले. मी त्या भिंतीला हात लावून किती वेळ उभा होतो कोण जाणे. देवळात उभं राहावं तसा.

हे पत्र कपाटात जपायला लिहिलेलं नाही. साहेबांपुढे ठेव, त्यांना हवा तो खुलासा हाच. पण तू ठेवणार नाहीस; काकाची लाज राखायला स्वतःच्या नावावर चूक घेशील, तेवढं मी ओळखतो. म्हणून याचीच दुसरी प्रत याच टपालाने थेट त्यांना धाडतोय, खाली माझी सही करून आणि मालकांची घेऊन. तिच्यात फक्त 'ठकू' काढून तुझं पूर्ण नाव घातलंय, पुढे 'इंजिनिअर' लावून.

तुझाच,
काका