न झालेल्या स्टेशनातली बाकं

तेलीबाग, लखनौ
१० फेब्रुवारी १९९६, शनिवार

सकाळी धुकं होतं. अकरा वाजता यांच्या ऑफिसात गेले, दोनला परतले. जेवले नाही.

माणिकभाऊजी, सप्रेम जय भीम. तुमचा खोकला गेला का? विजयाला अडुळशाचा काढा करायला सांगा (तुम्ही मोरीत ओतून द्याल, तरी सांगा). आम्ही दोघी बऱ्या आहोत. अबोली कॉलेजला जाते आणि माझ्या मराठीला हिंदीत उत्तरं देते.

तुमचे दादा जाऊन आज दोन महिने झाले. ऑफिसवाल्यांनी शोकसभा ठेवली आणि भिंतीवर यांच्या भुयारी स्टेशनचा नकाशा लावला. हे स्टेशन हजरतगंजच्या खाली व्हायचं होतं. सात वर्षं कागदावरच खोल खोल जात राहिलं. आधी वरून हुकूम आला, इमामबाड्यासारख्या कमानी हव्यात. यांनी काढल्या. मग कुणीतरी मोजलं, तर कमानीतून गाडीच जात नव्हती. कमानी गेल्या, फरशांवर चिकनकारीची वेलबुट्टी आली. ती कुणा मोठ्या साहेबांच्या पत्नीला भडक वाटली (जिथे अजून एक कुदळही पडलेली नाही, तिथे!). दर वेळी हे जेवणाच्या टेबलावर नवा ट्रेसिंग पेपर पसरायचे आणि आम्ही दोघी ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. सगळं बदललं, एकच गोष्ट यांनी बदलू दिली नाही: जिन्यात दर अठरा पायऱ्यांनंतर एक बाक. कुणी विचारलं की म्हणायचे, सरोजचे गुडघे दुखतात.

तर त्या नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे काढणाऱ्याचं नाव असतं, तिथे नाव होतं निरंजन माथुर यांचं. म्हणजे यांचे साहेब, ज्यांनी जन्मात सही सोडून काही काढलं नाही. मी जवळ गेले. मूळ ट्रेसिंगच लावलं होतं. चुकलेली शाई दाढीच्या ब्लेडने खरवडतात आणि मग ती जागा नखाने घासून गुळगुळीत करतात. नाहीतर नवी शाई फुटते. यांच्या अंगठ्याचं नख त्यानेच झिजलं होतं. साहेब नख घासायला विसरले. ‘निरंजन’च्या प्रत्येक अक्षराला मिशा फुटल्या होत्या.

साहेब मागून आले. “भाभीजी, चंद्रकांतजी हमारे भाई थे। और ये सीढ़ियों में बेंच, ये आइडिया हमने ही उनको दिया था।”

मी चारचौघांत बोलत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण बोलले. “अच्छा? आपके घर में किसके घुटने दुखते हैं?”

“जी?”

“ऐसे ही पूछा।”

त्यांनी माझ्यापुढे बशी धरली. “समोसा लीजिए, गरम है।” माझ्या खांद्यावर ऑफिसने पांघरलेली शाल, हातात साहेबांचा समोसा, आणि माझ्या माणसाचं नाव ब्लेडने काढलेलं! रिक्षात अबोली म्हणाली, “मम्मी, छोड़ो ना यार, स्टेशन तो बनना ही नहीं है।” अहो, म्हणूनच तर! स्टेशन झालं असतं तर नाव नसतं तरी चाललं असतं, लोक बाकांवर बसले तरी असते. इथे आहे काय? एक कागद आणि त्याचा एक कोपरा. तोही साहेबांनी घेतला.

मन मोकळं केलं, राग मानू नका. विजयाला आठवण सांगा.

तुमची वहिनी,
सरोज

ता. क. माझे गुडघे तेव्हा दुखत नव्हते. मला वाटायचं, हे थट्टा करतात. जिन्यावर दम यांनाच लागायचा, हे मला डिसेंबरात डॉक्टरांनी सांगितलं. बाक स्वतःसाठी काढला आणि माझ्या नावावर घातला. माथुर साहेबांना मात्र मी हे कळू देणार नाही.

आणखी एक. चार वर्षांपूर्वी यांनी या नकाशाची एक छापील प्रत तुम्हाला पाठवली होती. ती विजयाने फडताळात डब्यांखाली अंथरली आहे. मागच्या मे महिन्यात मी पाहिली (तेव्हा बोलले नाही). उजवा खालचा कोपरा हळदीच्या डब्याखाली येतो. डबा उचलून बघा. नाव वाचता येत असेल तर घडी न घालता, गुंडाळी करून रजिस्टर पोस्टाने पाठवा. पुसायला जाऊ नका, डाग राहू द्या.

नळाला पाणी आलं आहे. बादल्या भरून घेते.