समुद्राच्या बाजूची खोली

सोमवार

पोचले एकदाची! सॅक पाठीवर मारून स्टँडवरून चालत निघाले. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून हातगाडी आली की पालीसारखं भिंतीला चिकटायचं. जुनं बंदर आहे. तटबंदीचे दगड खाऱ्या हवेने पार खाल्लेत, आणि गंजक्या तोफांवर लोक खुशाल कपडे वाळत घालतात. दादा म्हणाला होता, चार दिवसांत रडत घरी येशील. बघूच!

खोली वरच्या मजल्यावर, आणि स्वस्त. घरमालकीण काकू एकट्याच राहतात. नवरा होडी घेऊन गेला तो परत आलाच नाही, असं त्यांनी चादर घालता घालता सांगितलं. गंमत म्हणजे, या रांगेतल्या सगळ्या घरांच्या समुद्राकडच्या खिडक्या विटांनी बुजवल्यात. उघडी फक्त माझी. लॉटरीच लागली म्हणायची.

मंगळवार

सकाळभर किल्ला पालथा घातला. दुपारच्या उन्हात सगळं गाव दारं लावून झोपतं, म्हणून खिडकीत बसले. लांबवर एक माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा होता. जाळं नाही, होडी नाही. नुसता गावाकडे तोंड करून.

चहा देताना काकूंनी सहज विचारलं, पाण्यात कोणी दिसलं का. मी हो म्हटलं. डावा खांदा जरा उतरलेला होता, हेही सांगितलं. त्यांनी कपबशी खाली ठेवली. मग त्या हसल्या, रडल्या, माझ्या गालांवरून हात फिरवत राहिल्या.

बुधवार

आज तो अलीकडे आलाय, गुडघाभर पाण्यात. काकूंना हाक मारली. मी बोट दाखवत होते तिथेच त्या बघत होत्या, पण त्यांना नुसतं पाणी दिसलं. मला त्याच्या शर्टाची बटणंसुद्धा दिसत होती. चेहरा मात्र — एवढ्या उन्हात चेहऱ्यावर सावली कशाची?

गुरुवार

आज धक्क्याच्या पायऱ्यांवर. मी खिडकी लावली, सॅक भरली. काकू दारात आडव्या आल्या. म्हणाल्या, तो त्यांचा नवराच. त्यांनी डोळे फुटेस्तोवर वाट पाहिली, पण त्यांना तो दिसत नाही. परक्याला दिसतो, आणि कोणी पाहिलं तरच त्याला वाट सापडते. शेजारी घाबरट आहेत म्हणे, आपलं माणूस आलं तरी नको म्हणतात.

"त्याला घरात येऊ दे गं बाळा, मग खुशाल जा."

पाया पडायला लागल्या. आईच्या वयाची बाई. मी सॅक खाली ठेवली.

शुक्रवार, दुपार

जिन्यावर पाणी ठिबकतंय. मी आज पाहिलंच नाही, खिडकी बंद आहे, तरीही —

काकूंनी दार सताड उघडलंय. केस विंचरून, हात पसरून उभ्या आहेत. विचारताहेत, आला का, कुठेय, सांग ना.

मी लिहीत राहते. लिहीत असले की वर बघावं लागत नाही —

एकदाच बघितलं. काकूंचे हात अजून दाराकडेच. तो त्यांच्या अंगावरून — त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता —

हे कसं सांगू यांना

कागदावर पाणी पडलं. शाई पसरतेय —

काकू, तो दारात नाहीये. तो माझ्या